एकेचाळीस टक्क्यांचा पराभव



फेब्रुवारी १९६७ मध्ये मद्रास राज्याची विधानसभा निवडणूक झाली. काँग्रेसला ४१.१ टक्के मतं मिळाली आणि द्रविड मुन्नेत्र कळघमला, म्हणजे द्रमुकला, ४०.७ टक्के. मतांत काँग्रेस पुढे होती. पण २३४ जागांपैकी द्रमुकला १३७ मिळाल्या आणि काँग्रेसला ५१. त्या निकालाने काँग्रेस सरकारचं ठाणं असलेल्या सेंट जॉर्ज किल्ल्यातून बाहेर पडली. १९६७ धरून २०२१ पर्यंत इथे विधानसभेच्या तेरा निवडणुका झाल्या. त्यांपैकी एकाही निवडणुकीनंतर किल्ल्यात काँग्रेसचा मुख्यमंत्री बसला नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना आकड्यांवाचून केलेलं राजकीय भाष्य खपत नसे. म्हणून सुरुवात आकड्यांनीच केली. या निकालाबद्दल चेन्नईत जे सर्रास ऐकू येतं त्याचा सूर वेगळा असतो. लाट आली, हिंदीविरोधाचा वणवा पेटला, द्रमुकचे नट एमजीआर यांच्या गळ्याला बँडेज होतं आणि काँग्रेस वाहून गेली. गोष्ट चित्रपटासारखी आहे, आणि इथल्या राजकारणाची पटकथा बऱ्याच अंशी चित्रपटवाल्यांनीच लिहिली असल्यामुळे ती लोकांना पटतेही. पण वाहून गेलेल्या पक्षाला ४१ टक्के मतं कशी मिळतील?

आता १९६२ चा निकाल बघा. तेव्हा सभागृह २०६ जणांचं होतं. काँग्रेसला ४६ टक्के मतं आणि १३९ जागा मिळाल्या. द्रमुकला २७ टक्के मतं आणि ५० जागा. म्हणजे काँग्रेसचे मुख्यमंत्री कामराज यांचा दबदबा ऐन भरात असतानाही राज्यातले निम्म्याहून अधिक मतदार काँग्रेसच्या विरोधात मत देत होते. फक्त ती मतं द्रमुक, स्वतंत्र पक्ष, कम्युनिस्ट आणि अपक्ष अशी वाटली जात होती. पाच वर्षांत काँग्रेसची पाच टक्के मतं कमी झाली, आणि तेवढ्यावर १३९ च्या ५१ झाल्या. यात लाटेचा वाटा आहेच, पण जागावाटपाचा वाटा मोठा आहे. द्रमुकने २३४ पैकी १७४ जागाच लढवल्या. बाकीच्या राजाजींचा स्वतंत्र पक्ष, मार्क्सवादी, मुस्लिम लीग वगैरे मित्रांना सोडल्या. सगळ्यांची मतं मिळून निम्म्याच्या वर गेली आणि या वेळी ती एकमेकांच्या पायांत आली नाहीत.

हा हिशेब जमवणारे गृहस्थ चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजेच राजाजी. इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण भारतीय राजकारणात याहून मोठी कोलांटउडी मला आठवत नाही. १९३७ साली मद्रास इलाख्याचे पंतप्रधान असताना शाळांत हिंदी सक्तीची करणारे राजाजीच. त्याविरुद्धच्या पहिल्या आंदोलनात पेरियार रामस्वामी तुरुंगात गेले आणि त्यांचा तरुण अनुयायी अण्णादुराईही गेला. १९५२ मध्ये राजाजी पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यांनी प्राथमिक शाळा अर्धा वेळ करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना काढली. विरोधकांनी तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे जातीच्या धंद्याचं शिक्षण, असं नाव ठेवलं आणि त्याच वादळात १९५४ मध्ये त्यांची खुर्ची गेली. तिच्यावर कामराज बसले. असे हे राजाजी १९६७ मध्ये वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी द्रमुकच्या व्यासपीठावर होते. एका हातात जानवं धरा आणि दुसऱ्या हाताने द्रमुकला मत द्या, असं त्यांनी ब्राह्मणांना सांगितल्याची आख्यायिका आजही मैलापूरमध्ये ऐकायला मिळते.

आणि पेरियार? ते काँग्रेसच्या बाजूने होते! द्रमुक १७ सप्टेंबर १९४९ रोजी रॉयपुरमच्या रॉबिन्सन पार्कात भर पावसात जन्मला तो त्यांच्यापासून फुटूनच. त्यानंतर त्यांनी आपलं वजन कामराजांच्या पारड्यात टाकलं. बहुजन समाजातला, शाळा सोडावी लागलेला माणूस मुख्यमंत्री झाला, गावोगाव शाळा काढतो, मुलांना दुपारचं जेवण देतो, हे पेरियारांना पुरेसं होतं. थोडक्यात, १९६७ मध्ये ब्राह्मण्याचे सर्वांत कडवे टीकाकार काँग्रेसचा प्रचार करत होते आणि अय्यंगार राजाजी द्रविडवाद्यांचा. निवडून आल्यावर द्रमुकचे नेते अण्णादुराई आधी तिरुचीला गेले, पेरियारांना भेटले आणि हे मंत्रिमंडळ तुम्हालाच अर्पण आहे म्हणाले. दीड तपाचा अबोला निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात संपवणारा असा पुढारी आपल्याकडे निपजला असता तर किती बरं झालं असतं, असं माझ्या मनात येऊन जातं.

बँडेजबद्दलही सांगतो, नाहीतर तुम्ही मला घरी जाऊ देणार नाही. १२ जानेवारी १९६७ रोजी नट एम. आर. राधा यांनी एमजीआर यांच्या रामापुरमच्या घरात त्यांच्यावर गोळी झाडली. गोळी मानेत लागली. एमजीआर वाचले, पण आवाज कायमचा बिघडला. रुग्णालयातला, गळ्याला पट्ट्या बांधलेला त्यांचा फोटो भिंतीभिंतीवर लागला आणि परंगिमलैची, म्हणजे सेंट थॉमस माउंटची जागा त्यांनी खाटेवर पडून मोठ्या फरकाने जिंकली. फोटोचा परिणाम झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण द्रमुकने मद्रास महापालिका १९५९ मध्येच घेतली होती, तेव्हा कोणाच्या गळ्याला पट्टी नव्हती. १९५७ मध्ये १५, १९६२ मध्ये ५०, १९६७ मध्ये १३७ असा चढ एका फोटोने येत नाही.

भाताचं काय? १९६५-६६ चा दुष्काळ, तांदळाची टंचाई, रांगा. द्रमुकने रुपयाला तीन पडी तांदूळ देऊ असं जाहीर केलं. पडी हे इथलं माप. तीन पडी हे ध्येय आणि एक पडी मात्र नक्की, अशी त्याला घोषणेची जोड होती. जाहीरनाम्यातल्या आश्वासनाला तळटीप असावी तर अशी! सत्तेवर आल्यावर मद्रास आणि कोइंबतूर या दोन शहरांत रुपयाला एक पडी सुरू झाली. तीन काही जमल्या नाहीत. पुढे रंगीत टीव्ही, मिक्सर, लॅपटॉप आणि २०२३ पासून बायकांच्या खात्यात महिना १००० रुपये, अशी या राज्यातली आश्वासनांची परंपरा वाढत गेली. २०२४ मध्ये आपल्याकडे लाडक्या बहिणीला १५०० रुपये मिळू लागले तेव्हा महाराष्ट्रातल्या काही विद्वानांना हा अगदी नवा प्रकार वाटला. त्यांनी एकदा दादर-चेन्नई गाडी पकडायला हवी होती.

पण भूक एवढं एकच कारण धरलं तर हिशेब जुळत नाही. तांदळाची ओढाताण महाराष्ट्रातही होती, मुंबईतही रेशनच्या रांगा होत्या. त्याच फेब्रुवारीत महाराष्ट्रात काँग्रेसला सुमारे ४७ टक्के मतं मिळाली आणि २७० पैकी २०३ जागा. एकीकडे ४१, दुसरीकडे ४७. एकीकडे ५१ जागा, दुसरीकडे २०३. माझा आजचा खरा विषय हा आहे. तमिळ आणि मराठी मुलखांत राजकारणाचा कच्चा माल जवळपास सारखा होता. मग पक्का माल इतका वेगळा का निघाला?

सारखा म्हणजे किती, ते बघू. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. मद्रासमध्ये १९१६ ला जस्टिस पक्ष निघाला, १९२० मध्ये सत्तेवर आला आणि १९२१ मध्ये त्याने नोकऱ्यांत जातवार वाटणीचा हुकूम काढला. दोन्हीकडे ब्राह्मणेतर चळवळ, दोन्हीकडे भाषेचा अभिमान, दोन्हीकडे राज्याच्या सीमा आणि नाव यांवरून झगडा. फरक पडला तो १९३० च्या सुमारास. आपल्याकडे केशवराव जेधे आणि त्यांच्याबरोबरची ब्राह्मणेतर मंडळी काँग्रेसमध्ये गेली. पुढे शेतकरी कामगार पक्ष निघाला, माणसं आत-बाहेर झाली, पण बहुजन समाजाचं घर म्हणून काँग्रेस उभी राहिली ती तेव्हापासून. मद्रासमध्ये चळवळ काँग्रेसच्या बाहेरच राहिली आणि बाहेरूनच वाढली.

दुसरा फरक भाषेच्या मागणीचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं मेली आणि १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने नेमकं तेच केलं जे दहा वर्षांनी राजाजी-अण्णादुराईंनी केलं: विरोधी मतं एका ठिकाणी आणली. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस आडवी झाली. खुद्द यशवंतराव चव्हाण कऱ्हाडला थोडक्यात वाचले. गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा नसते तर द्वैभाषिक मुंबई राज्यातली सत्ता तेव्हाच गेली असती. पण १ मे १९६० ला मागणी पुरी झाली, कलश यशवंतरावांच्या हाती आला आणि समितीला काही काम उरलं नाही. १९६२ मध्ये काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा! ज्यांनी लढा दिला त्यांच्या पदरात आठवणी आणि ज्यांनी आधी विरोध केला त्यांच्या पदरात राज्य. एस. एम. जोशी, अत्रे, डांगे यांच्यावर अन्याय झाला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं, यशवंतराव त्या तिघांपेक्षा चतुर होते.

मद्रासमध्ये काँग्रेसने असलं चातुर्य दाखवलं नाही. राज्याला ‘तमिळनाडू’ म्हणा, एवढ्या मागणीसाठी शंकरलिंगनार या वृद्ध गांधीवाद्याने १९५६ मध्ये सत्तर दिवसांहून अधिक उपोषण केलं आणि ते १३ ऑक्टोबरला वारले. उपोषणाचं गाव विरुदुनगर, मुख्यमंत्री कामराजांचं स्वतःचं गाव. सरकार हललं नाही. नाव बदलायला काय खर्च होता? एक पाटी आणि चार शिक्के. पण ते काम शिल्लक राहिलं आणि शिल्लक राहिलेली कामं विरोधी पक्षाला उपयोगी पडतात.

मग आला १९६५ चा २६ जानेवारी. घटनेने इंग्रजीला दिलेली पंधरा वर्षांची मुदत त्या दिवशी संपत होती आणि हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा होणार होती. नेहरूंनी दिलेली इंग्रजी चालू ठेवण्याची हमी होती, पण नेहरू आता नव्हते. महाविद्यालयांतली मुलं रस्त्यावर उतरली, काहींनी स्वतःला पेटवून घेतलं, पोलिसांच्या गोळीबारात अनेक जण मेले. सी. सुब्रह्मण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन या दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे पुढे केले. मुख्यमंत्री भक्तवत्सलम यांना मात्र हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न वाटला. आंदोलन द्रमुकने पेटवलं हे अर्धसत्य आहे. विद्यार्थ्यांची संघटना वेगळी होती, आणि अण्णादुराईंना शेवटी शेवटी ते आवरावंसं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वीच, चीनचं युद्ध आणि फुटीरतेला आळा घालणारी सोळावी घटनादुरुस्ती यांच्या पार्श्वभूमीवर, त्यांनी स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी सोडून दिली होती. फुटीर ठरण्यापेक्षा निवडणूक जिंकणं बरं, हा हिशेब त्यामागे होता.

आता तिसरा फरक. हा माझा तर्क आहे, तुम्ही तो तपासून घ्या. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. साखर कारखाने, सहकारी बँका, खरेदी-विक्री संघ वाढत होते. तालुक्याच्या गावातला धडपड्या तरुण पंचायत समितीचा सभापती होई, कारखान्याचा संचालक होई, आणि हे सगळे जिने काँग्रेसच्याच वाड्यात होते. यशवंतराव १९६२ अखेर दिल्लीला गेले तरी पुढे वसंतराव नाईकांना तो वाडा सांभाळता आला. मद्रासमध्ये कामराजांनी दुसरंच केलं. त्यांनी हजारो शाळा काढल्या. शिकलेली पहिली पिढी बाहेर आली ती शेतमजुराची, विणकराची, छोट्या दुकानदाराची मुलं. काँग्रेसच्या जिल्हा कचेरीत मिरासदार आणि बसमालक बसलेले. बसमालकाचं नाव उगाच घेत नाही: १९६२ मध्ये कांचीपुरमला अण्णादुराईंना पाडलं ते काँग्रेसच्या बसमालक उमेदवारानेच. या मुलांना जागा मिळाली ती द्रमुकच्या शाखेत, चहाच्या दुकानाशेजारच्या वाचनालयात, जिथे पक्षाचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जाई. चांगलं तमिळ बोलता येणं ही तिथली पात्रता, आणि ते त्यांना कामराजांच्या शाळेत आलेलं होतं.

विरुदुनगरचा निकाल या नजरेने वाचा. काँग्रेसचे अखिल भारतीय अध्यक्ष, शास्त्री आणि इंदिरा गांधी या दोघांना पंतप्रधानपदी बसवणारे कामराज स्वतःच्या गावात उभे. समोर पे. सीनिवासन, १९६५ च्या आंदोलनातला विद्यार्थी पुढारी. प्रचारात कामराजांना अपघात झाला आणि पडून राहूनही मी जिंकेन असं ते म्हणाल्याचं सांगतात. ते १,२८५ मतांनी पडले. श्रीपेरुंबुदूरला भक्तवत्सलमही पडले. त्याच निवडणुकीत मुंबईत स. का. पाटील जॉर्ज फर्नांडिसांकडून पडले, तो धक्काही तेवढाच जोराचा होता. पण दक्षिण मुंबई गेली म्हणून महाराष्ट्र गेला नाही. विरुदुनगरबरोबर अख्खं राज्य गेलं. कामराजांचा पराभव ऐकून अण्णादुराई आनंदित झाले नाहीत असं त्यांच्या जवळची माणसं सांगत. मला ते खरं वाटतं. स्वतः अण्णा विधानसभेला उभेच नव्हते, दक्षिण मद्रासमधून लोकसभेला उभे होते. सत्ता येईल याची खात्री असलेला नेता असं करत नाही.

६ मार्च १९६७ ला त्यांचा शपथविधी झाला. नऊ जणांचं मंत्रिमंडळ. त्या वर्षी काँग्रेसने आठ राज्यांत बहुमत गमावलं, पण एका विरोधी पक्षाला स्वतःचं बहुमत मिळालं ते फक्त इथेच. उत्तरेतली कडबोळ्यांची सरकारं वर्ष-दीड वर्षात कोसळली. इथलं टिकलं. जुलैमध्ये विधानसभेने तमिळनाडू नावाचा ठराव केला. पुरोहिताशिवाय लागलेल्या स्वाभिमान विवाहांना कायद्याची मान्यता मिळाली. जानेवारी १९६८ मध्ये शाळांतून तिसरी भाषा गेली. आणि दिल्लीत १९६७ च्या अखेरीस राजभाषा कायद्यात दुरुस्ती होऊन हिंदी न स्वीकारलेल्या राज्यांना इंग्रजीची कायदेशीर हमी मिळाली. ते विधेयक संसदेत मांडणारे गृहमंत्री कोण? यशवंतराव चव्हाण. १९६० मध्ये जे त्यांनी मुंबईत साधलं होतं, तेच त्यांनी मद्राससाठी केलं, फक्त सात-आठ वर्षं उशिरा आणि दुसऱ्या पक्षाचं राज्य आल्यावर. १९६४ मध्येच हे झालं असतं तर? इतिहासात जर-तरला अर्थ नसतो असं म्हणतात. मला तो खेळ आवडतो. मला वाटतं, काँग्रेसला १९६७ निभावून नेता आलं असतं.

आपल्याकडच्या प्रादेशिक पक्षाबद्दलही दोन शब्द. शिवसेना १९ जून १९६६ ला निघाली, या निवडणुकीच्या आठ महिने आधी. तिचा पहिला राग मुंबईतल्या दाक्षिणात्यांवर होता, म्हणजे इथल्याच माणसांवर; चेन्नईत बसून मराठीत हे बोलताना जरा अवघडल्यासारखं होतं. सेनेला मुंबई महापालिका मिळाली, द्रमुकला मद्रासची मिळाली होती तशीच. पण १९९५ मध्ये, सत्तेच्या पहिल्या वर्षी, सेनेच्या जागा २८८ पैकी ७३ होत्या आणि सोबत भाजपच्या ६५. एकटीने निम्मी विधानसभा तिला कधीच मिळाली नाही. गावातले जिने आधीच दुसऱ्याच्या मालकीचे होते.

अण्णादुराईंना सत्तेची दोन वर्षंही पुरी मिळाली नाहीत. १४ जानेवारी १९६९ ला राज्याचं नाव अधिकृतपणे तमिळनाडू झालं आणि ३ फेब्रुवारीला कर्करोगाने ते गेले. त्याच महिन्यात करुणानिधी मुख्यमंत्री झाले. कामराज त्याआधीच्या महिन्यात नागरकोइलच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेले होते. मग काँग्रेस फुटली. कामराज सिंडिकेटबरोबर, म्हणजे पक्षातल्या जुन्या नेत्यांबरोबर राहिले, इंदिराबाईंना दिल्लीत द्रमुकच्या खासदारांची मदत लागली. १९७१ मध्ये दोघांचा सौदा झाला: लोकसभेच्या मोजक्या जागा इंदिरा काँग्रेसला आणि विधानसभा पूर्णपणे द्रमुकला. चार वर्षांपूर्वी ४१ टक्के मतं घेतलेल्या पक्षाच्या या शाखेने तमिळनाडूच्या विधानसभेला एकही उमेदवार उभा केला नाही. द्रमुकला १८४ जागा मिळाल्या, कामराजांच्या काँग्रेसला १५. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात निवडणूक झाली, तिथे इंदिरा काँग्रेस २७० पैकी २२२ जागांवर निवडून आली.